बहिणीला कॉलेज दाखवताना

मी कॉलेज सोडलं आणि घरी सांगायचं राहून गेलं.

‘राहून गेलं’ असं मी आजही म्हणतो, जणू येताना कोथिंबीर आणायची राहून गेली. झालं असं की दिवाळीनंतर रसायनशास्त्राच्या सरांनी बोलावून सांगितलं, तुझी हजेरी इतकी कमी आहे की टर्म मंजूर होणार नाही. मला राग आला. चूक माझीच होती, म्हणून जरा जास्तच आला. त्याच आठवड्यात एका मित्राचा चुलतभाऊ आजारी पडला आणि त्याच्या जागी चार दिवस म्हणून मी बोईसरला, कुंभवलीच्या बाजूला, एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला गेलो. चुलतभाऊ बरा झाला आणि दुसरीकडे लागला. मी तिथेच राहिलो. याला मी शिक्षण सोडणं म्हणत नव्हतो. ब्रेक घेतलाय म्हणत होतो, तेही मनातल्या मनात, कारण मोठ्याने म्हणायला घरी कोणाला माहीतच नव्हतं.

पालघरजवळच्या आमच्या माहीमहून सकाळी तीच रिक्षा, तीच बॅग, तोच डबा. फक्त पालघरला उतरलं की कॉलेजच्या रस्त्याला न वळता स्टेशनकडे जायचं. पगार मी शिकवणीचे पैसे म्हणून आईला द्यायचो. आई ओट्यावर सुके बोंबील निवडताना शेजारणींना सांगायची, “माझा शिकतो पन आनि शिकवतो पन.” नखांत निळा रंग राहिला तर तो प्रॅक्टिकलचा. हे सगळं खणून काढू शकेल असा घरात एकच माणूस होता, बाबा, आणि ते समुद्रावर. आले की झोप, उठले की बर्फ नि डिझेल, की पुन्हा बोट. माझं खोटं मजेत चाललं होतं, कारण ते मासेमारीच्या हंगामाच्या मापाने शिवलेलं होतं.

जूनमध्ये मासेमारीला बंदी लागते हे मच्छीमाराच्या पोराला सांगायला लागू नये. बोटी वर ओढल्या, ताडपत्र्या बांधल्या, बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले. आणि त्याच दिवसांत बहिणीचा बारावीनंतरचा प्रवेश आला. दोन्ही गोष्टी दर वर्षी पावसाच्या तोंडावरच येतात. माझ्या डोक्यात मात्र त्या कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

बहिणीला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मार्क होते आणि तिला बीएस्सीच करायचं होतं. काका येऊन सांगत होते, पोरगी बारावी झाली, बास झालं, आता स्थळ बघा. बाबांनी जाळ्यातून मान वर काढली नाही. म्हणाले, “भाऊ हाय तिचा त्या कॉलेजात. त्याच्यासंगं जाईल, त्याच्यासंगं येईल. तो नसता तर मीपन पाठवली नसती.”

काका उठून गेले. मलाही जावंसं वाटलं.

“उद्या मीपन येतो,” बाबा मला म्हणाले. “बघू दे तरी कसं हाय ते.”

त्या संध्याकाळी बहीण ड्रेसला इस्त्री करत होती. तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं तर तिचं कॉलेज त्या इस्त्रीखालीच संपेल, असं मी स्वतःला समजावलं. मी मुळात भित्रा माणूस आहे. भित्र्याला असं दुसऱ्याच्या भल्याचं कारण आयतं मिळालं की तो ते सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत दांडी मारली आणि दोघांना घेऊन कॉलेजच्या फाटकातून ताठ मानेने आत शिरलो. शिरलो आणि थांबलो. मी कॉलेज सोडलं तेव्हा मैदानाच्या कडेला नुसते खांब उभे होते. त्यांची आता मोठी इमारत झाली होती, काचांची, पिस्ता रंगाची. आत काय काय गेलं होतं ते मला माहीत नव्हतं.

“ही नवीन हाय काय?” बाबांनी विचारलं.

“हो. आमचं सगळं जुन्यात आहे,” मी म्हणालो आणि त्यांना जुन्या इमारतीच्या जिन्यावर चढवलं.

वरच्या मजल्यावर माझा वर्ग होता, म्हणजे पूर्वी होता. मी मालकासारखं दार उघडलं. आत मोडकी बाकं एकावर एक रचलेली आणि खालच्या बाकावर एक मांजर पिलांना पाजत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे.

“इथं बसता तुमी?”

“सुट्टी आहे ना बाबा आता.”

“बाळंतपणाची,” बहीण म्हणाली.

मी हसलो. बाबांनी दार ओढून घेतलं. मग जरा बाजूला नेऊन हळूच विचारलं, “पोरींचं बाथरूम कुठं हाय? तेवढं दाखव.” त्यांना बघायचं होतं ते एवढंच, हे मला तेव्हा कळलं. मी न अडखळता व्हरांड्याचं टोक दाखवलं. बहीण गेली आणि लगेच लाल होऊन परतली.

“दादा, तिथं मॅडम लोक डबा खातायत. मी दार ढकलून आत गेले.”

“रोज येतोस ना तू?” बाबा म्हणाले.

“येतो की. पण पोरींचं मला कसं माहीत असणार?”

या उत्तरावर मी इतका खूश झालो की भीती थोडी उतरली. समोरून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं, सगळं सायन्स नव्या इमारतीत गेलंय, प्रवेशही तिथेच, बाथरूमही तिथेच. आम्ही मैदान ओलांडून तिकडे गेलो. बाबा माझ्या पुढे चालत होते.

नव्या इमारतीच्या दाराशी खाकी शर्टातला गार्ड उभा होता. आम्ही पायरी चढलो तसा तो एक पाऊल पुढे आला. त्याला इतकंच सांगायचं होतं, की चिखल आहे, चपला पायपुसण्यावर पुसून या.

कंपनीत शिफ्ट सुटली की गेटवर रांग लागते. गार्ड पुढे आला की आपण पाय फाकवायचे, दोन्ही हात आडवे धरायचे. तो काखेपासून घोट्यापर्यंत चाचपतो, पाठीवर थाप मारतो, पुढचा घेतो. महिनोन्‌महिने रोज केलं की हे अंग डोक्याला विचारत नाही. गार्डचं पाऊल पुढे पडलं आणि मी पाय फाकवले, हात आडवे केले, हनुवटी वर केली आणि कॉलेजच्या दारात झडतीला उभा राहिलो.

गार्डने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कौनसी कंपनी?” त्याने अगदी आपुलकीने विचारलं.

मागची दोन पोरं फिदीफिदी हसली. बहीणही हसली, आणि बाबांकडे बघून थांबली. मी हात खाली घेतले, पण ते कुठे ठेवायचे ते सुचेना. तेव्हा मला आठवलं की एका बंदीत बाबा स्वतः तारापूरच्या एका कारखान्यात गोणी उचलायला जात होते, आणि या झडतीची नक्कल पडवीत उभं राहून आम्हाला त्यांनीच करून दाखवली होती. तेव्हा सगळ्यात जास्त मी हसलो होतो.

बाबांनी माझा हात धरला, उलटा केला, नखं बघितली आणि सोडून दिला. “चला,” एवढंच म्हणाले.

आत प्रवेशाची रांग होती. बहीण रांगेत लागली, मी तिच्यामागे, बाबा माझ्यामागे.

“कधीपासून?” तिने पुढे बघतच विचारलं.

“नंतर सांगतो.”

“नंतर काय? मला आता घरी नेतील, दादा.”

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फाइल छातीशी धरून उभी राहिली, पाय असे रोवून की कोणी परत चल म्हटलं तर हलायचं नाही. तेवढ्यात बाबा रांगेतून बाहेर पडले आणि दाराकडे चालू लागले. बहिणीने मान वळवून पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता दारातून हाक येणार. बाबा दाराशी गेले, एकेक पाय उचलून चपला पायपुसण्यावर नीट पुसल्या आणि परत येऊन आमच्या शेजारी उभे राहिले. रांग पुढे सरकत होती आणि ती थांबावी असं वाटणारा तिथे मी एकटाच होतो.

टेबलापलीकडच्या मॅडम माझ्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी बहिणीचे मार्क पाहिले, छान म्हणाल्या, मग पत्ता पाहिला.

“माहीमहून येणार? प्रॅक्टिकल असलं की संध्याकाळ होते हं. जाऊन-येऊन करायला सोबत आहे का? घरचं कोणी शिकतंय आमच्याकडे?”

बहिणीची बोटं फाइलवर पांढरी पडली. मी तोंड उघडलं. त्यातून काय निघणार होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

“नाय,” बाबा म्हणाले. “घरचं कोन नाय इथं.”

मॅडम थांबल्या. “मग कसं करणार?”

बाबांनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. बोट लागते तेव्हा धक्क्यावर ठेवतात तसे.

“येकटी येईल, येकटी जाईल. रिक्षा हाय, फोन हाय तिच्याकडं. तिला विचारा ना, शिकायचं तिला हाय.”

“येईन मी,” बहीण म्हणाली, विचारायच्या आधीच.

मॅडमनी मान डोलावली आणि तिची कागदपत्रं ओढून घेतली. तिने श्वास सोडला तो मला मागे ऐकू आला. सही करायला पेन पुढे करता करता मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. निळ्या नखांनी बॅगेचा पट्टा गच्च धरून मी उभा होतो.

“आणि हे कोण?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“तो व्हय? त्याला रस्ता दाखवायला आनला होता,” ते म्हणाले. “त्याला तोपन येत नाय.”