काढ्यातली रम

सासरे फौजेतून पेन्शनीवर आलेले. साताऱ्याच्या दवाखान्यातून त्यांच्या क्षयाच्या गोळ्या यायच्या आणि रोज सकाळी त्या मी द्यायची, कारण घरात चार बुकं शिकलेली मी एकटीच. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. गोळी उजेडात धरून उलटीपालटी करून बघायच्या. सुनेच्या हातचं पाणीही गाळून घ्यावं, असा त्यांचा स्वभाव.

मीही काही गरीब गाय नव्हते. सासऱ्यांचे डोळे पिवळे दिसू लागले, जेवण सुटलं, तेव्हा माझा संशय सासूबाईंच्या अडुळशाच्या काढ्यावर गेला. मी चुलीजवळ गेले की त्या पातेल्यावर झाकण ठेवायच्या. उलट त्याच उघड म्हणायच्या, गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस पिवळा पडला. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबायचं.

शेवटी उंब्रजहून एसटीनं साताऱ्याला गेलो. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी दारूचं विचारलं, सासरे ठामपणे नाही म्हणाले. मला राहवलं नाही. काढ्यात काय असतं, मी विचारलं.

"मिल्ट्रीची रम. ही घालती अर्धा पेला, दोन टायमाला," सासरे म्हणाले. "ती दारू न्हवं, औषध हाय."

आमच्याकडे फौजींच्या घरोघरी हाच समज. कँटीनची बाटली फडताळात बामाशेजारी असायची.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, गोळी काय न् दारू काय, दोन्ही मोडतं यकृतच. त्यासाठी तिथं विकरं, म्हणजे एन्झाइम असतात. रोजच्या रमनं त्यांतली काही चेकाळतात, मग ही गोळी मोडताना विषारी भाग जास्त निघतो आणि यकृतच पोळतं. गोळ्या तूर्त बंद, रम कायमची.

सासऱ्यांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"भाईर हिला सांगू नगा. रम मी सोडतो. गोळीनंच झालं म्हना."

"आणि नाव माझं खराब, मामंजी?" मला संताप आला होता.

"तू सोसशील पोरी. ती न्हाई सोसायची."

कावीळ उतरली, बदललेल्या गोळ्यांनी क्षयही गेला. सासूबाई मात्र आल्यागेल्याला सांगत राहिल्या, की सुनेनं गोळ्या घालून माझा माणूस पिवळा केला होता. सासरे खाली मान घालून ऐकायचे आणि चहा मुद्दाम माझ्याकडेच मागायचे. मी कप आणून ठेवला, की बशीत ओतून पहिला घोट सासूबाई घ्यायच्या.