गाडीखालचा पुठ्ठा

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘‘मग गाडीचं काय?’’ फोन त्याच्या बायकोचा होता. सुमनवहिनी म्हणाल्या, ‘‘गाडी बरी हाय, भाऊजी. माणूस गेला.’’

आता तेरवी होऊनही काही आठवडे झालेत. गोंदियातल्या निम्म्या लोकांपर्यंत माझं ते वाक्य पोहोचलंय, उरलेल्यांपर्यंत आज हे लिहिल्यानं पोहोचेल. माझं तांदळाचं दुकान आणि दिवाकरचं बी-खताचं, भिंतीला भिंत लागून. चाळीसेक वर्षं त्या भिंतीच्या अलीकडून मी पलीकडचं गिऱ्हाईक मोजत आलो. त्याचा सखा म्हणून लोक मला ओळखतात, आणि ते खोटंही नाही... पण त्याच्याकडे जे जे होतं ते मला हवं होतं, आणि सगळ्यात जास्त ती गाडी.

चिचगडकडे एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या गोदामात, तेंदूपत्त्याच्या रिकाम्या पोत्यांखाली ती उभी होती. लाल, बुटकी, दोघांपुरती, इंग्रजांच्या देशातून आलेली स्पोर्ट्स कार. तिचा पत्ता मी काढला होता. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण दिवाकर ते कधी कुणाला सांगत नसे. आम्ही दोघं पाहायला गेलो, आणि पाहताक्षणी मी खिशातले पैसे चाचपले. पण पितृपक्ष चालू होता. मी म्हणालो, ‘‘सर्वपित्री होऊ दे, मग बोलणी करू. पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत.’’

दिवाकर बॉनेटवरची धूळ पुसत म्हणाला, ‘‘नवी कुठं हाय बे? हे तं पितरांच्याच वयाची हाय.’’ आणि तिथल्या तिथे त्यानं सौदा केला. ज्या घटस्थापनेचा मुहूर्त मी मनात धरला होता, त्या दिवशी मी दुकानात बसून होतो, आणि तो समोरून हॉर्न वाजवत गेला.

देवाला मात्र माझी दया आली. गाडी गळत होती. मागची चाकं फिरवणारा जो ॲक्सल असतो, त्यातलं तेल दोन्ही टोकांनी झिरपून चाकांच्या ड्रममध्ये उतरायचं, आणि तेलात न्हायलेले ब्रेक काही धरत नाहीत. दिवाकर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवायचा. रविवारी सकाळी मी जायचो, पुठ्ठा ओढून डाग पाहायचो आणि ‘च्‌-च्‌’ करायचो. आत दिवाळी.

एका महाशिवरात्रीला आम्ही त्याच गाडीतून नागऱ्याच्या यात्रेला निघालो. वळणावर ब्रेक सुटले आणि गाडी रस्ता सोडून, कुणाला काही न विचारता, एका ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरली. आम्हाला खरचटलंही नाही. मला वाटलं, आज याची चांगली फजिती होणार! पण चारी बाजूंनी लोक धावले, गाडी उचलून वर आणली, बांधीच्या मालकानं सीटवर बसून फोटो काढून घेतला आणि दिवाकरला घरी चहाला नेलं. मी पोटरीभर चिखलात उभा. मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, ‘‘ओ काका, थोडं बाजूले व्हा ना, गाडी झाकून राहिली.’’

मग दोन्हीकडची ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलायचं ठरलं. डावं चाक त्यानं घेतलं, उजवं मी हट्टानं मागून घेतलं. त्या सीलला ओठासारखी एक मऊ कड असते. ती आत, तेलाकडे तोंड करून बसवायची. मी ती बाहेर तोंड करून ठोकली आणि दिवाकरच्या आधी काम संपवलं म्हणून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पुढच्या रविवारी डावीकडे ठिपका, उजवीकडे तळं.

‘‘काऊन बे गजा,’’ दिवाकर म्हणाला, ‘‘तेलाले बाहेरचा रस्ता दाखवून राहिला का?’’

माझं सील त्यानं सरळ करून बसवलं, तरी थोडं झिरपतच राहिलं. शेवटी ॲक्सलच्या पाठीवर त्याला हवा जायचं एक बारीक भोक सापडलं, चिखलानं आणि जुन्या रंगानं पार बुजलेलं. गाडी धावली की आत सगळं तापतं, हवा फुगते, आणि तिला वर वाट नसली की ती तेलालाच सीलमधून बाहेर ढकलते. दिवाकरनं खराट्याची काडी घालून ते भोक मोकळं केलं. बस, इतकंच. पुढच्या रविवारी पुठ्ठा कोरडा.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. अशी देखणी गाडी, आणि आता तिला खोडही नाही! मी ‘‘वा, वा’’ म्हणालो आणि चहा न घेता उठलो. त्यानंतरच्या रविवारी मला कामं निघाली. त्याच्या पुढच्याही.

मग त्याचा फोन. ‘‘गजा, पुन्हा टपकून राहिली रे. ये पाहाले.’’ मी चपला उलट्यासुलट्या घालून पळालो. पुठ्ठ्यावर डाग होता, छान गोल, काळाभोर. तिथून पुढे तो कधी चुकला नाही. त्या डागाशेजारी बसून आम्ही वर्षानुवर्षं चहा प्यायलो, शाफ्टला चर पडला असेल, बेअरिंग गेलं असेल, अशी कारणं शोधली. दिवाकर उघडून मात्र काही पाहायचा नाही. ‘‘जाऊ दे, म्हातारं हाडूक हाय,’’ म्हणायचा. एवढा हुन्नरी माणूस एका ठिपक्यापुढे हरला, या सुखात माझे रविवार गेले...

गेल्या रविवारी मी तिथे गेलो तो तेलाचा डबा घेऊन आणि गाडी मागायची असं ठरवून. तेरवीच्या पंगतीत बसल्या बसल्याच माझं ठरलं होतं. तिचं दुखणं माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक आहे? एवढा एकच माझा हक्क, पण पक्का. मी पुठ्ठा ओढला. ठणठणीत कोरडा.

‘‘वहिनी, तेल संपलं हो!’’ मी ओरडलो. ‘‘आतून पार सुकली असंल. अशीच उभी राहिली तं वाया जाईल. मी घेऊन जातो हिले, माझ्याशिवाय कोणाले जमणार नाही.’’ असं म्हणत मी गाडीखाली सरकलो, ॲक्सलचं तेल भरायचं बूच फिरवलं, आणि तेलाची धार माझ्या बाहीतून थेट काखेत गेली. ॲक्सल काठोकाठ भरलेला होता. मी तसाच उताणा पडून राहिलो.

पायरीवरून वहिनींचा आवाज आला. ‘‘गाडी मी कोणालेच देत नाही, भाऊजी. अन् ते गळत-बिळत काही नव्हती. त्या काडीनंतर एक थेंब नाही पडला. हेच दर शनिवारी पुठ्ठ्यावर तेल सोडत. मी म्हणो, काऊन असं करता? तं म्हणत, कोरडी दिसली का गजा येत नाही. अन् खरंच होतं ते. डाग मोठा असला का तुमी दुसरा कप चहा मांगत होते.’’