श्वासाचा कंडेन्सर

पांढुर्ण्यात मोरेश्वराच्या हातून रेडिओ दुरुस्त झाला, की त्यातून नुसता सूर यायचा. लढाईच्या काळात तो फौजेच्या सिग्नल विभागात होता. तिथून तो तारांचे सांधे कथलानं जोडायचं, डाग देण्याचं काम शिकून आला आणि खरखरीचा पक्का वैरी होऊन आला.

त्या वैरापायीच घर रिकामं झालं. बायको आधीच गेलेली, उरली एक मुलगी, उर्मिला. गळा गोड, पण ओळ संपली की ती ‘स्स्’ करून श्वास ओढायची. हा बाबा दर संध्याकाळी तिला थांबवायचा. श्वास ऐकू येतो, पुन्हा म्हण. पोरीनं किती दिवस सोसावं? एक दिवस ती मामाकडे नागपूरला गेली, ती गेलीच. पुढं नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं. बापलेकीत मात्र त्याआधीच सीमा पडली होती.

आता ती दर सोमवारी सकाळी नागपूर केंद्रावर गायची. मोरेश्वर दुकानात एकटाच ऐकायचा. त्याला गाण्याचं फारसं नव्हतं. त्याला तो श्वास हवा होता. तो ऐकला म्हणजे पोरगी घरात आहे असं त्याला वाटलं असतं.

पण कापसाचा हंगाम, आणि शेजारी कापसातली सरकी काढणारी जिन. तिच्या डायनामोच्या ठिणग्यांनी रेडिओ नुसता तडतडायचा. त्यानं सवयीनं एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर जोडून गाळणी बसवली. तडतड मेली, गाणं गोधडीआडून आल्यासारखं मऊ झालं. श्वासही गेला.

मग तो पाटी घेऊन बसला. गाळणीला तडतड कळत नाही आणि लेकही कळत नाही. तिला फक्त सुराची उंची कळते. आत गेलं त्यातलं बाहेर किती आलं, हे प्रमाण प्रत्येक उंचीला वेगळं. खालचे सूर जवळजवळ पूर्ण सुटतात. कंडेन्सरचा अडथळा रेझिस्टन्सइतका होतो, तिथं रुपयातले अकरा आणे बाहेर येतात. त्याच्या बऱ्याच वर सूर दुप्पट चढला, की येणारं निम्मं होतं. त्यानं पाटीवर उतरती रेघ काढली आणि तिच्यावर बोट ठेवून खाली गेला. रेघ जमिनीला कुठंच टेकत नव्हती. म्हणजे श्वासाची ‘स्स्’ कितीही उंच असली, तरी तिचे दोन आणे यायलाच हवेत.

पुढच्या सोमवारी वरचे सूर जास्त सुटावेत म्हणून त्यानं लहान कंडेन्सर लावला. श्वास नाही. त्याहून लहान लावला. नाही. शेवटी गाळणीच काढून टाकली, तर तडतडीत सगळंच बुडालं. त्यानं दोष जिनला दिला आणि संक्रांतीची वाट पाहत बसला, कारण त्या दिवशी जिन बंद असते.

संक्रांत नेमकी सोमवारी आली. जिन गप्प, गाळणी नाही. गाणं असं स्वच्छ आलं की शेजारचा शिंपी, भैय्याजी, तिळगूळ घेऊन उंबऱ्यातच थांबला. उर्मिला लहान असताना तो तिच्या गाण्याला माना डोलवायचा. मोरेश्वरानं स्पीकरच्या कापडाला कान लावला. ओळ संपली. दुसरी सुरू झाली. मध्ये काहीच नव्हतं.

“काय शोधून राहिले मोरेश्वरभाऊ? गाणं तं साफ येऊन राहिलं.”

“तिचा श्वास.”

भैय्याजीनं एक कडवं कान देऊन ऐकलं. “नाही बा. पोरगी सुधरली. आता दम घेते तं समजत बी नाही.”

पाटीवरची रेघ बरोबरच होती. गाळणी इथं नव्हतीच. ती नागपुरात, पोरीच्या गळ्यात बसली होती, आणि बसवली होती यानंच. मोरेश्वराला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

“माह्यं ऐकलं तिनं,” तो म्हणाला.

भैय्याजीनं तिळगूळ बाकावर ठेवला. गाणं संपलं, निवेदकानं पुढच्या गायिकेचं नाव घेतलं, तरी मोरेश्वराचा कान कापडालाच होता.