पोत्यांपाशी बसणारी लीलाबाई

कामशेतला मोरया बझारचं पहिलं दुकान निघालं, तवापासून लीलाबाई तिथं तांदळाच्या उघड्या पोत्यांपाशी बसायची. दाणा चावल्याबिगर मावळात तांदूळ कोण घेतंय? ती गिऱ्हाइकाच्या तळहातावर इंद्रायणी तांदळाचे दाणे ठेवायची, मग गप्पा रंगायच्या.

पुढं वडगाव, तळेगावला दुकानं वाढली आन् पोती जाऊन बंद पिशव्या आल्या. लीलाबाई त्या पिशव्या फळीवर रचायला लागली.

परवा पोत्यांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, धोंडिबा आबा आले. पिशवी हुंगत म्हणाले, "लीले, ह्याला निस्ता प्लॅस्टिकचा वास येतोय की गं!"

तिनं पिशवी फोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

मॅनेजर धावला. "मावशी, उद्यापासून कामावर येऊ नका!"

आबांनी सावकाश दाणा चावला. "नवा हाय. भाताचा गोळा व्हईल. नगं मला."

लीलाबाई खळखळून हसली आन् घरी गेली.