साव्हियोच्या गाडीचे ब्रेक

कुडाळात माझं गॅरेज आहे. गाडी जॅकवर चढवली आणि मागवलेला पार्ट वेळेवर आला नाही, की माणसांना बोलण्यावाचून दुसरं काम उरत नाही. असं एकेका गाडीभोवती बोलणं साठत जातं. गाडी निघून जाते, ते मागे राहतं. साव्हियोच्या गाडीभोवती साठलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच गाडीभोवती नाही.

साव्हियो मालवणचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. बरीच वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये होता. कायमचा परत आला तेव्हा मुंबईहून एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आला. आमच्यातला तिसरा देवा. देवगडला त्याची हापूसची बाग आहे, आणि बागेत नसतो तेव्हा तो माझ्या गॅरेजात असतो.

*

घाट चढून गेल्यावर एक ट्रॅक आहे. हेल्मेट घालून तिथे आपली गाडी हवी तशी पळवता येते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आणि देवा कठड्याशी उभे होतो. पहिल्या काही फेऱ्या साव्हियोनं सुंदर मारल्या. मग लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी हळू व्हायला हवी होती, ती झालीच नाही. वळण सोडून ती बाजूच्या खडीत घुसली, गरकन फिरली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

आम्ही धावलो. साव्हियोला काही लागलं नव्हतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो स्वतःच्या पायाकडे बघत होता.

“ब्रेक खंय गेलो?” त्यानं हळूच विचारलं.

ब्रेक कुठेच गेला नव्हता. रस्त्यासाठी बनवलेला ब्रेक होता. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला तो करकचून दाबला की इतका तापतो की आतलं ऑईल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं की नुसते बुडबुडेच दाबले जातात. थोड्या वेळानं सगळं थंड झालं आणि पेडल आपोआप वर आलं, काही घडलंच नव्हतं असं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

परतताना तिघं माझ्या जीपमध्ये होतो, लाल गाडी मागे ट्रॉलीवर. देवा म्हणाला, आता इंजिनचंही काम करून घेऊ, गाडी अजून पळेल. घाट उतरल्यावर साव्हियो म्हणाला, “पळवूक काय, कोणय पळवता. माका ती थांबलेली व्हयी.”

*

मग ब्रेकचं काम निघालं. साध्या ऑईलच्या जागी जास्त तापमानाला टिकणारं ऑईल, रबरी पाइपांच्या जागी स्टीलची जाळी असलेले, ट्रॅकचे ब्रेक पॅड, मोठ्या डिस्क आणि त्यांना धरणारे मोठे कॅलिपर. पार्सल आलं त्या दिवशी आम्ही तिघं सकाळपासून गाडीखाली. सगळं बसलं. ऑईल भरलं, पाइपांतली हवा काढली, पेडल दगडासारखं घट्ट झालं.

शेवटी चाक लावायला घेतलं, तर ते आत जाईना. नवा कॅलिपर इतका मोठा की रिम त्याला अडत होती. फिरवून पाहिलं, दुसऱ्या बाजूला लावून पाहिलं. साव्हियो भिंतीला टेकून खाली बसला.

देवानं हात पुसले. “आता ही खात्रीन थांबली,” तो म्हणाला.

मोठी चाकं येईपर्यंत गाडी तशीच लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

*

नवे पॅड लगेच ट्रॅकवर नेता येत नाहीत. आधी मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक मारायचा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यायचा. असं करत पॅड आणि डिस्क एकमेकांना मानवतात. त्यासाठी साव्हियोनं आणि मी सड्यावरचा, कातळाच्या उघड्या माळावरचा, रिकामा रस्ता गाठला.

बऱ्याच वेळा ब्रेक मारल्यावर पुढच्या चाकांतून धूर यायला लागला. जळका वासही सुटला. हे व्हायचंच होतं. गाडी थंड करत हळूहळू परत येताना गुरं आडवी आली, म्हणून एका घरासमोर थांबावं लागलं. घरातून एक म्हातारी भरलेली कळशी घेऊन धावत आली. तिला वाटलं गाडी पेटली.

तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिला तडा जाऊ शकतो. साव्हियो उडी मारून उतरला आणि चाकासमोर हात पसरून उभा राहिला. “मावशे, पाणी घालू नको गो!”

म्हातारी थबकली. तिनं धुराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “मगे जळांदे?”

तिला समजावता समजावता गुरं निघून गेली. ते पाणी शेवटी आम्हीच प्यायलो.

*

दुसऱ्यांदा ट्रॅकवर निघालो तेव्हा साव्हियोचे वडील, पास्कोलकाका, आपणहून म्हणाले, मीही येतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गाडीचं नाव काढलं की काका उठून आत जायचे, हे तिघांनाही ठाऊक होतं.

काका पूर्वी टेम्पो चालवायचे. देवगडहून आंबे घाटावर पोचवून परतताना एकदा उतारावर टेम्पोचा ब्रेक गेला. दरी टाळायला त्यांनी टेम्पो डोंगरावर घातला. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ जुझे बसला होता. तो वाचला नाही. त्यानंतर काकांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घरात कुणी हे बोलत नसे.

ट्रॅकवर काका खुर्चीत बसून राहिले. साव्हियो फेऱ्या मारत होता. लांब पट्ट्याच्या शेवटी दर वेळी गाडीचं नाक खाली झुकायचं, गाडी हळू व्हायची आणि नीट वळायची. तो आत आला तेव्हा मी पेडल दाबून पाहिलं. सकाळी होतं तसंच घट्ट होतं.

जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक रिकामा झाला. काका खुर्चीतून उठले आणि साव्हियोपुढे हात केला.

“चावी दी.”

साव्हियोनं चावी दिली. ट्रॅकवरच्या माणसानं सावकाश एक फेरी मारायला परवानगी दिली. देवानं काकांच्या डोक्यात हेल्मेट घातलं. साव्हियो शेजारी बसायला गेला, तर काकांनी मान हलवली. मग ते डावीकडे वाकले, रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला आणि एकदा खेचून पाहिला.

गाडी सायकलच्या वेगानं निघाली. प्रत्येक वळणाआधी ते पूर्ण थांबत होते. लाल दिवे लागायचे, गाडी क्षणभर उभी राहायची, मग पुढे जायची. साव्हियो कठड्याशी उभा होता.

फेरी पुरी करून काका आमच्यासमोर येऊन थांबले. इंजिन बंद केलं. आधी डावीकडचा पट्टा सोडला, मग स्वतःचा.