आम्लाविना रंगवलेल्या काचपट्ट्या

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडमसुद्धा. उंदराच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढावेत ते ताईनेच. सत्तावीस वर्षं हेच काम, तरी घरी कुणी "काय करतेस गं?" विचारलं की गाडी थांबायची नाही.

"मेंदूत सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनांचं कुटुंब असतं. तीन भावंडं. धाकटी दोघं त्या मानाने नाकासमोर चालणारी. थोरला अल्फा बिघडला, की पेशीत गुठळ्या करून बसतो आणि माणसाचे हात थरथरू लागतात."

"म्हणजे खापर थोरल्याच्याच डोक्यावर! आपल्या घरासारखंच," दादा म्हणाला होता. दादा शिंपी, आणि गेली दोन वर्षं त्याचेच हात थरथरत होते.

म्हणून त्या सकाळी नवं औषध दिलेल्या आजारी उंदरांच्या मेंदूचे काप लावलेल्या काचपट्ट्यांवर गुठळ्यांचा एकही तपकिरी डाग दिसेना, तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि ताईने व्हरांड्यातून थेट दादाला फोन लावला. "दादा, एकही डाग नाही!"

परत येऊन आवराआवर करताना याच कामासाठी आणलेली आम्लाची नवी बाटली हाती आली. तिचं सील शाबूत होतं. काप आधी आम्लात बुडवले नाहीत तर गुठळ्या रंग धरतच नाहीत. तिने औषध न दिलेल्या उंदरांच्या पट्ट्या पाहिल्या. त्यांवर तर डाग हमखास दिसायला हवे होते, पण त्याही लख्ख! आनंदाच्या भरात तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

ताईने मॅडमना सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "उद्या पुन्हा करा," एवढंच त्या म्हणाल्या.

खरी परीक्षा दादाच्या दुकानात होती. ताईने एका दमात सगळं सांगितलं.

"अगं, मी नऊ गिऱ्हाइकांना सांगून बसलोय!"

"चुकलंच माझं, दादा."

"चुकलं खरं. पण स्वतःहून सांगितलंस. यापुढे तू डाग नाहीत म्हणालीस, की मी डोळे मिटून विश्वास ठेवणार." मग त्याने सुई-दोरा तिच्यापुढे धरला. "घे, ओवून दे. मला जमत नाही हल्ली."

हे त्याने आजवर कुणापाशीच कबूल केलं नव्हतं. ताईचे डोळे भरून आले, त्यामुळे दोरा तिलाही तिसऱ्या खेपेला ओवता आला, आणि दादा खो खो हसत सुटला.