खडे वेचणारा पैलवान

कुस्तीच्या आधी पैलवान मातीला हात लावून तो कपाळाला लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आमचा पैलवान तेवढ्यावर थांबत नसे. तो उकिडवा बसून अख्ख्या आखाड्यात फिरायचा. तळहातानं माती चाचपायची, खडा लागला की उचलून दोरीबाहेर टाकायचा, असं त्याचं चालायचं. काचेचा तुकडा सापडला तर तो माझ्याकडे आणून द्यायचा, कारण लंगोटाला खिसा नसतो.

"ठेवा सर. कोनाच्या पाठीत गेला असता."

प्रेक्षक कंटाळून ओरडायचे, "अबे, कुस्ती खेळून राह्यला का वावर निंदून राह्यला?"

तो मान वर न करता उत्तर द्यायचा, "पडाचं मलेच हाय, बापा."

आणि ते खरं होतं. पडणं हा त्याचा धंदा होता.

मी भद्रावतीला शाळेत मराठी शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी माइकवर बोलत होतो. कबड्डी असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, कोणाचा सत्कार असो, लोक मला बोलवायचे. आवाज चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. सकाळपासून बाजार, पाळणे, मिठाई, आणि रात्री नाटक. मधल्या दुपारी लोकांना बसवून ठेवायला आम्ही फ्रीस्टाईल कुस्त्या लावायचो. बांबू रोवून दोर बांधायचा, आतली माती खणून भुसभुशीत करायची, की झाला आखाडा. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असायचं. ठरवणारा बहुतेक वेळा मीच.

पैलवान कधीच जिंकायचा नाही. तरुणपणी तो खऱ्या कुस्त्या खेळला होता, आणि चांगल्या खेळला होता. मग गुडघा गेला. काही वर्षं त्यानं माजरीला कोळशाच्या कामावर ठेकेदाराकडे मजुरी केली, आणि पुन्हा आखाड्यात आला तो हरण्यासाठी. बाकीचे पैलवान कोणत्या ना कोणत्या संचातले असायचे. हा एकटा. निरोप गेला की एसटीनं यायचा. पिशवीत लंगोट, तेलाची बाटली आणि भाताचा डबा.

"कोनाचा नोकर नाई मी, सर," तो म्हणायचा. "माह्या अंगाचा मालक मीच."

नवीन पोरं पहिली कुस्ती त्याच्याशीच मागायची, कारण त्याच्यासोबत कोणाला लागत नसे. तो पोराला डोक्यावर उचलून असा आपटायचा की बायका डोळे झाकायच्या, आणि पोरगं मात्र कापसाच्या गादीवर पडल्यासारखं उठायचं. प्रत्येक वेळी आपटल्यावर तो वाकून त्याच्या कानाशी लागायचा. लोकांना वाटायचं, शिवी देतो आहे. तो विचारत असायचा, "लागलं तं नाई नं, बापा?"

एकदा माजरीला माइक आखाड्याच्या फार जवळ राहिला आणि हा प्रश्न सगळ्या मैदानानं ऐकला. लोक हसून लोळायचे बाकी होते. पुढचा तासभर कोणी कोणाला हात लावला की गर्दीतून आवाज यायचा, "लागलं तं नाई नं, बापा?" पैलवानही हसत होता. मी मात्र चिडलो. मी एवढा घसा फोडून भय उभं करायचं आणि यानं ते असं धुऊन टाकायचं? या रागातूनच मला ती कल्पना सुचली. हा माणूस बोलतो, हीच अडचण आहे ना? मग न बोलणारा माणूस उभा करू.

ती कल्पना आज सांगतानाही लाज वाटते, पण सांगतो. मी त्याचा जंगली केला. तोंडाला आणि अंगाला काळा रंग, डोक्यावर सुतळीच्या जटा, गळ्यात पानांची माळ. कमरेला दोर, आणि दोराचं टोक माझ्या हातात. "घनदाट जंगलातून पकडून आणलेला जंगली माणूस! याला माणसाची भाषा येत नाही! हा कच्चं खातो!" असं मी माइकवर गर्जायचो.

पहिल्या दिवशी त्यानं आरशात पाहिलं आणि तो खूप हसला. "मायनं बी वळखलं नसतं," म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "खडे वेचू देसान नं?"

"जंगली माणूस खडे वेचतो का?"

पण आखाड्यात उतरल्यावर तो सवयीनं उकिडवा बसलाच. मी लगेच माइक उचलला. "बघा, बघा, किडे शोधतोय! भूक लागली बिचाऱ्याला!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की पुढच्या प्रत्येक गावात तो विनोद मी त्याच जागी केला. भद्रावतीच्या आसपास जंगलीचं नाव झालं. पोस्टरवर त्याचं रंगवलेलं तोंड छापायचो. त्याचं नाव कुठेच नसायचं.

मग धानोऱ्याचं बोलावणं आलं.

धानोऱ्याला त्याची मुलगी दिली होती. एकुलती एक. बायको आधीच वारलेली, पोरगी त्यानंच वाढवलेली. सासरच्यांना ठाऊक होतं की व्याही पैलवान आहे, आणि तो भेटायला गेला की ते खुर्ची पुसून द्यायचे. हे त्यानं मला किती तरी वेळा सांगितलं होतं. "खुर्ची पुसून देतेत, सर." त्याला याचं फार अप्रूप होतं.

निघायच्या दोन दिवस आधी तो भद्रावतीच्या स्टँडवर मला भेटला.

"सर, धानोऱ्याले जंगली नको. पैलवान म्हनूनच लढतो. हरतो बी. पन माह्या नावानं."

"पोस्टरं लागली तिकडे."

"पोट्टीच्या घरचे येतीन नं."

"अरे, तो रंग, त्या जटा. तूच म्हणाला होतास ना, आईनंही ओळखलं नसतं?"

त्यानं पिशवी खांद्याला लावली. मग "हो, म्हनलो होतो," म्हणाला आणि बसमध्ये चढला. पोस्टर ही खरी अडचण नव्हती. एका दिवसासाठी मी काहीही सांगून वेळ मारून नेली असती. मला माझे विनोद सोडवत नव्हते, एवढीच गोष्ट होती.

धानोऱ्याचं मैदान तलावाच्या कडेला होतं. जमीन ओली होती म्हणून मंडळींनी चांगल्या मनानं आखाड्यात मुरूम टाकून ठेवला होता. मुरूम म्हणजे नुसते बारीक दगड. मी म्हटलं, आज पैलवान अर्धा तास वेचत बसणार. किड्यांचा विनोद मी थोडा लांबवायचंही ठरवलं.

मी दोर धरून त्याला आत आणला. तो मधोमध उभा राहिला. बसला नाही. वाकला नाही. मातीला हातसुद्धा लावला नाही. मी वाट पाहिली, मग माइक झाकून हळूच म्हटलं, "अरे, बस ना!" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा फक्त बायका बसल्या होत्या तिकडे नजर टाकली आणि झटकन काढून घेतली. तिथे पिवळ्या साडीत त्याची मुलगी सासूशेजारी बसली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की यानं माझा विनोद वाया घालवला.

आणखीही काही बिघडलं होतं. मी कच्चं मांस म्हटलं, घनदाट जंगल म्हटलं, पण हशा येत नव्हता. समोर बसलेले निम्मे लोक आजूबाजूच्या जंगलातल्या गावांतून चालत आले होते. एक म्हातारा उठून माझ्या टेबलापाशी आला. रागावला नव्हता. अगदी चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "कोन्त्या जंगलातला हाय हा? आमी तं जंगलातच राह्यतो, बापा. असा मानूस नाई पाह्यला."

त्याच्या मागचे लोक हसले. त्या दिवसाचा पहिला हशा, आणि तो माझ्यावर. मी घाईघाईनं कुस्ती सुरू केली.

ठरल्याप्रमाणे जंगलीनं आधी समोरच्या नवख्या पोराला आपटायचं होतं. त्यानं उचललं, गरकन फिरवलं आणि खाली आणताना स्वतःचा उजवा हात पोराच्या डोक्याखाली घातला. हात मुरमावर, डोकं हातावर, वर दोघांचं वजन. मला मैदान परत ताब्यात घ्यायचं होतं. मी ओरडलो, "अरे, याला कुस्तीसुद्धा येत नाही! हात अडकला बघा जंगलीचा!" आता लोक हसले. मग पोरानं धोबीपछाड मारला, पैलवान पाठीवर पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहिला. मी त्यावरही काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, आणि आठवू नये असंच वाटतं.

परतीच्या बसमध्ये त्याचा उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला होता. बोटांच्या सांध्यांवरची कातडी निघाली होती.

"खडे का नाही वेचले?" मी अजून त्याच तोऱ्यात होतो.

"पोट्टी वळखते नं ते," तो म्हणाला. "ती चालाले शिकली तवा मी आंगन असंच वेचो. रोज पाहे ती." थोड्या वेळानं तो हसला. चेहऱ्यावर रंगाचे डाग तसेच होते. "नाई वळखलं तिनं, सर. बरं झालं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. गडचिरोलीपर्यंत तासभर होता माझ्याकडे.

त्यानंतर त्यानं जंगली केला नाही, आणि पैलवान म्हणून त्याला कोणी बोलावलं नाही. मीही नाही. एका गोदामावर त्यानं रखवालदारी धरली. रस्त्यात दिसला की डावा हात वर करायचा. उजव्याची दोन बोटं नीट मिटत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तो काविळीनं गेला. मी माती द्यायला गेलो नाही. शाळेचं काम होतं, असं घरी सांगितलं. शाळेला सुट्टी होती.

दिवाळीनंतर मात्र राहवेना. मी धानोऱ्याला गेलो, माफी मागायला. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, तुम्हाला माझी सवय आता कळलीच असेल. मुलीनं मला कधी जवळून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "पैलवानांच्या ओळखीचा आहे. भद्रावतीहून आलो, शाळेत शिकवतो." तिनं खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि चहा टाकला. मग बोलता बोलता तिनंच तो विषय काढला.

"इथी मंडईत बाबा आले होते एकदा. तोंडाले काळं फासून. आधी नाई वळखलं मी. मंग त्या पोराच्या डोक्याखाली हात घातला नं, तवा वळखलं. लहानपनी एसटीत मले झोप लागे, तं ते खिडकीच्या गजाले माहं डोकं लागू नाई म्हनून तसाच हात ठेवत. चंद्रपूर येईपर्यंत."

मी कप खाली ठेवला.

"सासू बाजूले होती. सारे टाळ्या वाजवून राह्यले होते. मी बी वाजवल्या." ती जमिनीकडे बघत होती. "बाबाले कधीच नाई सांगतलं का मी वळखलं म्हनून. त्याहिले वाटे, नाई वळखलं. खुश होते त्यातच."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. माफीची वाक्यं मी मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटली. हीच वेळ होती.

"तो माइकवाला लई हसवे," ती म्हणाली. "दोर धरून होता बाबाचा. कोन होता तो, सर? तुमी वळखता काय?"

"नाही," मी म्हणालो. "बाहेरगावचा असेल कोणी."

आणि हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी आवाज खाली आणला आहे. पार खाली, ओठांतल्या ओठांत.

"काय म्हनलं? मोठ्यानं बोला नं, सर. आयकू येऊन नाई राह्यलं."

"घसा बसलाय," मी पुटपुटलो.

"अगं बाई," म्हणत ती लगबगीनं आत गेली आणि तांब्याभर गरम पाणी मीठ घालून घेऊन आली. मी अंगणाच्या कडेला गेलो आणि ती पाठीमागे उभी असताना, तांब्यातलं पाणी संपेपर्यंत, ठणठणीत घशानं गुळण्या करत राहिलो.